चौथा कोपरा

४ डिसेंबर २०२५
मोहाचा तांडा, ता. घाटंजी

चि. उर्वशी,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. पत्ता शेजारच्या सुखीबाईच्या नातीकडून लिहून घेतला. माझं वळण दिसलं असतं तर पाकीट न फोडताच चुलीत गेलं असतं, हे मला माहीत आहे. आता फोडलंच आहेस तर एवढं वाच, मग वाटेल ते कर.

तुझ्या आईला, याडीला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सोळा नोव्हेंबरला सकाळी अंगणात माझ्यासमोर बसली होती. सुईचं नाक दिसत नाही म्हणून सुई माझ्याकडे देत म्हणाली, "ओवून द्या जी, मास्तर." मी दोरा ओवला, गाठ मारली, मान वर केली तर तिचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. मी सुई तिच्यापुढे धरून बसलो, आणि घ्यायला तिचा हात काही वर येईना.

यवतमाळला आठ दिवस दवाखान्यात काढले. आता घरी आणली आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, गिळणं कमी होत चाललंय. कोणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या." आम्हाला तुझ्याशिवाय बोलवायला आहे कोण? तू माझा नंबर बंद करून ठेवलास, सुखीबाईचाही. भारतरावांना दोनदा फोन केला. "सांगतो मामाजी," म्हणाले. जावई भला माणूस आहे, त्याला यात ओढायला नको.

ती एकच आवाज काढते, "उ". सुखीबाई म्हणते, कण्हून राह्यली. मी छत्तीस वर्षं पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावली. कण्हणं वेगळं आणि अक्षर वेगळं, एवढं मला कळतं.

आज तिची खाट खिडकीशी सरकवली. बाहेर कापसाची पऱ्हाटी पांढरी झाली आहे. मला आपली तिसरीची खोली आठवली. त्या खिडकीतूनही अशीच पऱ्हाटी दिसायची, आणि पंचवीस पोरं एका सुरात कविता म्हणायची. तू पहिल्या बाकावर, सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे. मी टेबलावर छडी आपटून म्हणायचो, "घाई नको उर्वशी, ओळीला तिच्या चालीनं चालू दे." आज तोच मास्तर उलट सांगतो आहे. घाई कर बेटा.

आता त्या गोष्टीचंही लिहितो, नाही तर म्हणशील बापूनं टाळलं. तुझा लहानगा मेघ गेला त्याला ऑक्टोबरात तीन वर्षं झाली. दीड महिना तू इथे राहिलीस आणि परत उमरखेडला जाताना त्याचे आठ कपडे याडीच्या पेटीत ठेवून गेलीस. न धुतलेले, त्याच्या अंगाचा वास राहावा म्हणून. ते धुतले गेले, कापले गेले, त्यांची वाकळ झाली. झालं ते झालं. जुनं कापड धुतल्याशिवाय वाकळीला लावायचं नाही, हा इथल्या सगळ्या बायांच्या हाताचा शिरस्ता आहे. म्हातारीच्या हातून चूक झाली. अडाणी बाई, तिला काय कळणार? तिला माफ कर आणि ये.

तीच वाकळ तिच्या अंगावर आहे. रागावू नकोस. घरात अकरा वाकळा आहेत, पण तिनं डाव्या हातानं पेटीकडे बोट केलं आणि ती मिळेपर्यंत खाली घेतलं नाही.

तुझा बापू


१३ डिसेंबर २०२५

चि. उर्वशी,

नऊ दिवस झाले. पोस्टात विचारलं, पत्र पोहोचलं म्हणाले. हे स्पीड पोस्टानं पाठवतो, म्हणजे हातात पडल्याची सही तरी येईल.

आमच्याकडून आर्णीला जायचं, तिथून महागाव, मग उमरखेड. उलट निघालीस तर दुपारच्या जेवणापर्यंत इथे. एवढंच तर अंतर आहे. डोळे मिटून मी रोज तुला त्या गाडीत बसवतो. खिडकीपाशी. आर्णीला उतरवतो, गाडी बदलवतो. आपल्या फाट्यावर उतरवतो आणि तिथून पुढे मला तुला चालवता येत नाही.

याडी माझ्या हातून पेज घेत नाही. चमचा ओठाला लावला की ओठ मिटते. सुखीबाईच्या हातून दोन-चार चमचे जातात. काल सुखीबाई मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या हातचं काहून घेत नाही ती? काय केलं तुम्ही तिचं?"

मी हसून म्हणालो, "चाळीस वर्षं डोकं खाल्लं, आता पेज खायला सांगतो तर ऐकत नाही."

"हसता काय? बाई सुकून राह्यली."

मी हसत नव्हतो, बेटा. तोंडाला तशी सवय पडली आहे.

तुला आठवतं का, मी सुई हाती घेतली तेव्हा तांड्यात केवढा तमाशा झाला होता? रिटायर झालो, हाताला खडू नाही, दुपार सरता सरत नव्हती. एक दिवस याडीच्या हातातली वाकळ ओढून घेतली आणि टाके घालायला बसलो. सुखीबाई कुंपणावरून ओरडली, "अवो मास्तर, सुई तं धरलीच हाये, आता फेटियाही घाला आमच्यासारखा!" याडी एवढी हसली की तिच्या ओढणीचे आरसे लखलखले. पण ते माझ्या हातून सुटलंच नाही. चार-चार बोटांचे तुकडे, कोणाचा सदरा, कोणाची साडी, शेजारी शेजारी ठेवले की आपोआप यमक जुळल्यासारखं व्हायचं. माझे टाके बारीक, एका रेषेत. तिचे लांब, वाकडे. ती म्हणायची, "तुमचे टाके म्हंजे शुद्धलेखन, माह्ये टाके म्हंजे बोलनं." ती हे आपल्या गोरबोलीत म्हणायची. मी मराठीत लिहितो, तू तिच्या आवाजात वाच.

आमची वाटणीही ठरलेली होती. तीन कोपरे माझे, चौथा तिचा. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी ती त्यात ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चिंधीत बांधून ठेवायची, मग शिवायची. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, असं तिच्या याडीनं तिला सांगितलेलं. हा घास बाईच्याच हातचा लागतो, म्हणून चौथ्या कोपऱ्याला मी कधी हात लावला नाही. मेघच्या वाकळीलाही तिनंच घास भरवला. माझ्याकडे पाठ करून बसली होती त्या दिवशी. तेवढं आठवतं.

म्हणजे बघ, तिच्या मनात वाईट नव्हतं. कपडे धुतले त्या दिवशी मी तर घरीही नव्हतो. हयातीचा दाखला द्यायला घाटंजीला गेलो होतो. आलो तेव्हा सगळं दोरीवर वाळत होतं. नाही तर मी धुऊ दिलं असतं का?

फोनवर तू शेवटचं विचारलं होतंस, "त्याची कानटोपी कुठे आहे?" वाकळीत सात कपड्यांचे तुकडे आहेत. कानटोपी पेटीत नव्हतीच. उंदरानं नेली असेल. नाही तर तूच नेली असशील आणि त्या दिवसांत विसरली असशील. दुःखात माणूस विसरतो.

ये बेटा. चूक याडीची असली तरी ये. मरणाऱ्या माणसावर कोणी एवढा राग धरत नाही.

तुझा बापू


२२ डिसेंबर २०२५
सहा पोस्टकार्डं

कार्ड पहिलं

उर्वशी, माझं पाकीट परत आलं. वर "घेण्यास नकार" असं लिहिलेलं. म्हणून कार्डं लिहितो. कार्डाला नकार द्यायचा तरी आधी ते डोळ्याखालून जातं. तू नाही वाचलंस तर पोस्टमन वाचेल, भारतराव वाचतील, तुझे शेजारी वाचतील. वाचू दे. तुझ्या लेकराचे कपडे मी भिंतीवर टांगले तेव्हा अख्ख्या तालुक्यानं पाहिले होते. आता हेही लोकांनी पाहावं.

कार्ड दुसरं

कपडे मी धुतले. याडीनं नाही. याडी त्या दिवशी कापूस वेचणीला गेली होती. मी हयातीचा दाखला आदल्या आठवड्यातच देऊन आलो होतो. मी पेटी उघडली, गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, कपडे भिजवले. दोन वेळा खंगाळले. दोरीवर टाकताना मी गुणगुणत होतो. "धुतले गेले" असं लिहिलं होतं मी तुला. जसे काही ते स्वतःच पेटीतून उठून बादलीत जाऊन बसले.

कार्ड तिसरं

वाकळ झाली. मला ती एवढी सुंदर वाटली की तुला देण्याआधी घाटंजीच्या हस्तकलेच्या प्रदर्शनात नेली. शेजारी पुठ्ठ्यावर चार ओळींची कविता लावली, माझी. त्या ओळी इथे लिहीत नाही. लोक थांबत होते, डोळे पुसत होते, आणि मला अभिमान वाटत होता. तुझ्या मावसबहिणीनं, बबितानं, तिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. तुझ्या लेकराचा पिवळा सदरा चौकोनी तुकडे होऊन भिंतीवर आहे, हे तुला फोनमध्ये दिसलं. त्यात माझी सहीही दिसली असेल.

कार्ड चौथं

तुझा फोन आला. याडीनं उचलला. तू विचारलंस, "कोणी धुतले?" मी समोर उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तुला सांगितलं, "मी धुतले." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "पोरीचा जीव तुमच्यात हाये. एक माणूस तरी राहू द्या तिले." मी फोन पुन्हा लावला नाही. वाटलं, दोन-चार दिवसांत सांगू. तू आम्हा दोघांनाही तोडलंस, मग सांगायचं कोणाला, अशी सोय झाली.

कार्ड पाचवं

अजून आहे. तू जाताना दाराआड याडीला म्हणालीस, "हात लावू नको. धुऊ तर बिलकुल नको." मी ओट्यावर बसलो होतो. मी ऐकलं होतं. ऐकून धुतले. मला वाटलं, पोरीला कळत नाही, दुःख असं पेटीत कोंडून ठेवायचं नसतं, त्याचं काही तरी सुरेख करायचं असतं. छत्तीस वर्षं कविता शिकवल्यामुळे मला वाटायचं, मला सगळ्यांच्या दुःखाचा अर्थ सांगता येतो.

कार्ड सहावं

तीन वर्षांत याडी मला निदान वीस वेळा म्हणाली, "मले उमरखेडले नेऊन द्या, पोरीच्या हाती वाकय देतो." कधी वेचणी, कधी ऊन, कधी माझा गुडघा. मीच जाऊ दिलं नाही. ती तुझ्यासमोर बसली असती तर खरं बाहेर आलं असतं. ती तुझी गुन्हेगार नाही. तिच्यासाठी ये. माझ्याशी बोलू नकोस.

डोंगरसिंग राठोड, निवृत्त शिक्षक


३० डिसेंबर २०२५

उर्वशी,

काल भारतरावांचा फोन आला. कार्डं एका दिवशी पोहोचली नाहीत म्हणे. आधी पाचवं, मग दुसरं, मग बाकीची. "मामाजी, पोस्टमन दारातून ओरडला, चौथं अजून आलं नाही, मी पन वाट पाहून राह्यलो," असं सांगून ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. मी विचारलं, "तिनं वाचली?" म्हणाले, "चार वेळा वाचली. पिठाच्या डब्यावर रांगेनं लावून ठेवली."

एवढ्यानं माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. वेळ उरला नाही.

कार्डं टाकण्याआधी मी ती याडीला वाचून दाखवली. सगळी, एक ओळ न गाळता. तिनं डोळे मिटून ऐकलं. त्या संध्याकाळी मी चमचा पुढे केला तर ओठ उघडले. चार चमचे घेतले माझ्या हातून. मी वाटी धुवायला गेलो आणि मोरीत बसून राहिलो बराच वेळ. पण सत्तावीस तारखेपासून ती कोणाच्याच हातून काही घेत नाही. सुखीबाई बोटानं ओठ ओले करते तेवढंच. डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना चप्पल घालताना माझ्याकडे पाहिलं नाही.

आता जे लिहितो ते सावकाश वाच.

ती डाव्या हाताची बोटं वाकळीवर सारखी चाळवते. लकव्याचे लोक असं करतात, असं दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. काल ध्यानात आलं की बोटं एकाच कोपऱ्यावर आहेत. मी वाकळ फिरवून घातली. तिनं चाचपत चाचपत तोच कोपरा शोधला. मी पुन्हा फिरवली. तिनं पुन्हा शोधला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या मंद पोराकडे पाहायचो.

तो चौथा कोपरा होता. तिचे टाके. लांब, वाकडे.

मला वाटलं, आतला घास कडक झाला, टोचत असेल. मी कात्री आणली आणि चार टाके कापले. पाचव्याला तिनं माझं मनगट धरलं. डाव्या हातात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. "उ," म्हणाली. डोळ्यांत डोळे घालून पुन्हा, "उ."

चार टाक्यांच्या फटीतून मला दिसलं. भाकरी नाही. आरपार दिसणाऱ्या पिशवीचं प्लास्टिक, घट्ट गाठ मारलेलं, वर मेण ओतून बंद केलेलं. आत तपकिरी लोकर. कानावरून खाली येणारी दोरी. तिच्या टोकाला लाल मणी.

कानटोपी, उर्वशी. तापात त्याच्या डोक्यावर होती ती.

मग मला एक एक आठवायला लागलं. त्या दिवशी ती वेचणीहून आली, दोरीवरचे कपडे पाहिले आणि पाठीवरचं गाठोडं न उतरवता तशीच घरात गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला होता. मी सात कपडे काढले होते. टोपी पेटीच्या तळाशी, तिच्या लुगड्यांत अडकून राहिली असणार. तिला ती मिळाली. तिनं मला सांगितलं नाही. माझ्याशी भांडलीही नाही. नंतर एकदा म्हणाली होती, "ही वाकय पोरीच्या हाती मीच देईन. चवथा कोपरा तीच उसवीन." मला वाटलं, बायांचे रिवाज असतात.

घरात जागा नव्हती का, बेटा? कणगी आहे, देव्हारा आहे, तिची पेटी आहे. या सगळ्या जागा माझ्या हाताखालच्या. मी एक ना एक दिवस ती शोधली असती, आणि शोधली असती तर धुतली असती, शिवली असती, वर दोन ओळी लिहिल्या असत्या. अख्ख्या घरात एकच जागा होती जिथे मी कधी हात घालत नव्हतो. तिनं ती माझ्यापासून लपवली होती.

आणि तेच घेऊन ती तुझ्याकडे यायचं म्हणत होती. वीस वेळा.

फट मी पुन्हा शिवली. माझे चार बारीक टाके तिथे वेगळे दिसतील. तेवढेच उसवले होते, ते पाहून ओळख. गाठ सोडलेली नाही. मेणाला नख लावलेलं नाही.

पहिल्यांदा मी असं लिहिलं होतं की ये आणि घेऊन जा. लिहिल्यावर दिसलं की मी तुझ्या लेकराच्या टोपीचं आमिष लावतो आहे. तो कागद फाडला. तू ये किंवा येऊ नकोस, ती तुझी आहे. भारतरावांना फोन करून सांगितलं, दोन तारखेला येऊन वाकळ आणि हे पत्र घेऊन जा. पोस्टावर माझा भरवसा नाही, आणि याडीला एकटी सोडून मला निघता येत नाही.

मेघच्या नावानं मी पूर्वी दोन ओळी जुळवल्या होत्या, तुला आठवतात का? माझ्या छातीवर बसून तो माझा खिसा फाडायचा तेव्हाच्या.

मेघ आला अंगणात, ओलं नाही काही,
आजोबाच्या सदऱ्याला खिसाच उरला नाही.

एवढीच खरी कविता होती माझी. बाकी सगळी मी त्याच्यावर लिहिली, ही त्याच्याबरोबर केली होती.

बापू


२ जानेवारी २०२६

उर्वशी,

भारतराव खाटेपाशी बसून चहा पीत आहेत, तेवढ्यात लिहितो. कागद सापडला नाही, तुझ्या याडीच्या औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहितो आहे.

ते एकटेच आत आले. पाणी प्यायले, याडीच्या पायाला हात लावला, मग म्हणाले, "मामाजी, ती पन आली. फाट्यावर बसली हाये, गाडीच्या शेडमध्ये. तांड्यात पाय ठेवत नाही म्हनते. वाकय आन, मी इथंच थांबतो म्हनते."

सुखीबाई दारातच होती. ती म्हणाली, "जावईबापू, इथवर आली अन् फाट्यावर बसली? हातभर रस्ता राह्यला!"

"काकी, मी तिले काय बोलू?" एवढंच बोलले ते.

तर तू फाट्यावर आहेस. मी इतके दिवस डोळे मिटून जिथवर तुला आणत होतो, बरोबर तिथे.

वाकळ याडीच्या अंगावर होती. तिची बोटं कोपऱ्यात रुतलेली. ओढून काढावी लागेल असं वाटलं. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "उर्वशी आली. फाट्यावर आहे. वाकळ मागते." तिनं मूठ सोडली. एक एक बोट करून सोडली. मग तो हात तिनं उचलला आणि दाराकडे ढकलल्यासारखा केला. जा, असं. माझ्याकडे नाही पाहिलं.

आता तिच्या अंगावर माझी साधी शाल आहे. तिला वाकळ नको. तिला जे पोहोचवायचं होतं ते निघालं.

श्वास मोठा मोठा लागला आहे. दोन श्वासांच्या मध्ये आता मी एक अख्खी ओळ म्हणू शकतो. काल अर्धीच म्हणता यायची.

टोपीला वास असेल की नसेल, मला माहीत नाही. तीन वर्षं झाली. प्लास्टिकचाच येईल, मेणाचा येईल, कदाचित काहीच येणार नाही. शेडमध्ये उघडू नकोस एवढं सांगतो, तिथे वारा फार आहे आणि गाड्यांचा धूर आहे. पहिल्यांदा उघडशील तेव्हा जे असेल ते तेवढंच असेल. मी हुंगलेली नाही. फटीला नाकही लावलं नाही.

फाट्यापासून घरापर्यंत बाराशे चाळीस पावलं आहेत. पहिलीत असताना तूच मोजली होतीस आणि शंभरच्या पुढचं मला विचारत विचारत आली होतीस. तुझी पावलं आता मोठी झाली, कमी लागतील.

सुखीबाई याडीपाशी आहे. मी आता शाळेच्या ओट्यावर जाऊन बसतो. ती शाळा रस्त्यावर नाही, मागे आहे, तुला माहीत आहे. येताना माझं तोंड दिसणार नाही, जातानाही नाही. कोणी बोलवायला आलं तरी मी उठणार नाही, असं सुखीबाईला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "काहीही झालं तरी?" मी म्हणालो, हो.

पेज कोमट आहे. वाटी उशाशी ठेवली आहे, चमचा वाटीतच. एक चमचा दे. गेला तर गेला, नाही तर ओठावर राहू दे.

भारतरावांचा चहा संपला. दार उघडं आहे. मी घरात नाही.

बापू